नुक्ता आणि टिंब



मिरजेत पाहुणा आला की त्याला ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा दाखवायचा आणि मग सतारमेकरांच्या दुकानांवरून फिरवून आणायचं, असा शिरस्ता आहे. २०१३ नंतर काही वर्षं आमच्या घरच्या पाहुण्यांनी हा क्रम बिघडवून टाकला. ते चपला काढायच्या आधीच विचारायचे, “कुठं आहेत ती?” ती म्हणजे आमची दोन डाल्मेशियन कुत्री. एक मादी, नुक्ता. दुसरा तिचा सख्खा भाऊ, टिंब.

नावं मुलांनी भांडून ठेवली. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती आणि माझ्याकडं उर्दू लिपी शिकत होती. या लिपीत ‘खुदा’ आणि ‘जुदा’ यांच्यात एका नुक्त्याचा फरक. अक्षराच्या वर दिला तर खुदा, खाली दिला तर जुदा. हे तिला भारी आवडलं होतं. मुलगा मराठी शाळेत तिसरीत, शुद्धलेखनात टिंब राहिलं म्हणून रोज गुण घालवून येणारा. तेव्हा एकीची नुक्ता झाली, दुसऱ्याचा टिंब. घरात कवी मी आहे, पण मला याहून बरी नावं सुचली नसती.

आणायला गेलो होतो एकच. मुलीनं टीव्हीवर एकशे एक डाल्मेशियनांचा तो सिनेमा पाहिला होता आणि वर्षभर आमच्या मागं लागली होती. ही गोष्ट डोडी स्मिथ या इंग्रज लेखिकेची, १९५६ सालची. तिच्या स्वतःच्या कुत्र्याचं नाव पोंगो होतं आणि तेच तिनं गोष्टीतल्या नायकाला दिलं. पुढं डिस्नेनं त्यावर १९६१ साली कार्टूनचा आणि १९९६ साली खऱ्या कुत्र्यांचा सिनेमा काढला. तो बघून परदेशात पुष्कळांनी घाईनं पिल्लं घेतली आणि नंतर तितक्याच घाईनं सोडून दिली. कारण हे कुत्रं दिसतं खेळण्यासारखं, पण त्याला धावायला लागतं. रोज, भरपूर. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. बी. ए.ला माझ्याबरोबर असलेला एक मित्र कोल्हापुरात डाल्मेशियन पाळायचा, त्याच्या कुत्रीला जून २०१३मध्ये पिल्लं झाली, एवढंच भांडवल.

ही पिल्लं जन्मतः पांढरी असतात. ठिपके पुढं साधारण दोन आठवड्यांनी उमटू लागतात. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा नुक्ताच्या अंगावर ते नीट मांडले गेले होते. कोपऱ्यात मात्र एक पिल्लू बसलं होतं, त्याचा डावा कान पूर्ण काळा. शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा. मित्र म्हणाला, “त्याला पॅच आहे, जन्मापासूनचा. हा शोचा नाही. कुणी घेत नाही बघ. तुला न्यायचा तर ने, पैसे नकोत.” बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी मुलाकडं पाहिलं. परतताना ओम्नीत दोन पिल्लं होती.

आता खरा प्रश्न अम्माचा होता. आमच्याकडं कुत्र्याची लाळ नापाक मानतात. लाळ लागली तर कपडा बदलल्याशिवाय नमाज नाही. राखणीला किंवा शिकारीला कुत्रं ठेवायला हरकत नाही, पण हौसेखातर घरात नको, ही साधारण रीत. अम्मा दारातच म्हणाली, “कुत्ता रहा तो घर में फरिश्ते नै आते, मालूम नै तुजे?” मी काहीतरी पुस्तकी बोलायला लागलो. तिनं ऐकून घेतलं नाही. तिला वळवलं ते तिच्या नवऱ्याच्या धंद्यानं.

माझे वडील टांगेवाले. मिरज स्टेशनवरून दर्ग्यापर्यंत आणि दवाखान्यांपर्यंत त्यांनी तीस वर्षं सवाऱ्या नेल्या. घोडी दारात बांधलेली असायची आणि अम्मा तिला आमच्याआधी खायला घालायची. डाल्मेशियन हे मुळात बग्गीबरोबर पळणारं कुत्रं. इंग्लंडात श्रीमंतांच्या घोडागाड्यांशेजारून मैलोन्‌मैल धावायचं, रात्री तबेल्यात घोड्यांपाशीच झोपायचं आणि त्यांना राखायचं, हे त्याचं काम. पुढं आगीचे बंब घोडे ओढायचे तेव्हा त्यांच्यापुढंही ही कुत्री धावली. हे मी अम्माला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “टांगे का कुत्ता है तो अंगन में रैंदे.”

अंगणाच्या आणि घराच्या मधला उंबरा ही हद्द ठरली. अम्माची जानमाजची खोली त्यापलीकडं. दोघांनी हद्द पाळली, पण आपल्या पद्धतीनं. पुढचे दोन पाय पसरून ती बरोबर उंबऱ्याला नाक लावून पडायची. लहानपणी अम्मानं आम्हाला गुहेत झोपलेल्या तरुणांची गोष्ट सांगितली होती. ती कुराणात आहे. त्यांचं कुत्रंही असंच पाय पसरून गुहेच्या तोंडाशी पडलेलं असतं. ही आठवण मी तिला करून दिली नाही. आठवडाभरानं तिनंच मला करून दिली.

शोचं वेड मित्रानं लावलं. नुक्ताची नोंदणी होती, कातडीखाली मायक्रोचिप होती. थंडीचे दिवस म्हणजे आपल्याकडं श्वानप्रदर्शनांचा हंगाम. जानेवारी २०१४मध्ये आम्ही पहिल्यांदा पुण्याला गेलो. सव्वादोनशेवर किलोमीटर, रात्री दोनला निघालो. गाडीत बायको, दोन मुलं, दोन कुत्री, भाकरी, खर्डा, उकडलेली अंडी, पाण्याचा कॅन आणि सतरंजी. अम्मा येणार नव्हती. निघताना पुढच्या सीटवर बसलेली दिसली.

ज्यांनी हे प्रदर्शन पाहिलं नाही त्यांना वाटतं, तिथं कुत्री कसरती करतात. तसं काही नसतं. मोठं मैदान, त्यात दोऱ्या लावून केलेली रिंगणं, दंडाला नंबर लावलेली माणसं. जज आधी कुत्र्याला उभं करून बघतो. दात मोजतो, खांदा, छाती, मांड्या चाचपतो. मग पळवून बघतो, एकदा सरळ जाऊन परत, एकदा गोल. डाल्मेशियनची चाल बग्गीच्या कुत्र्याची हवी, लांब आणि न दमणारी. आणि ठिपके! ते गोल हवेत, कडा स्वच्छ हव्यात, एकमेकांत मिसळलेले नकोत. दोन ते तीन सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपल्या जुन्या रुपयाच्या नाण्याएवढे. डोक्यावर, पायांवर, शेपटीवर थोडे लहान. पॅच असला की बाद. डोळा निळा असला तरी बाद. मला हे सगळं वृत्तात लिहिण्यासारखं वाटायचं. एक मात्रा वाढली की ओळ गेली.

नुक्ताचा त्या दिवशी दुसरा नंबर आला. वर्गात दोनच कुत्री होती, ही गोष्ट आम्ही मिरजेत कुणाला सांगितली नाही.

पण ते दिवस! झाडाखाली सतरंजी टाकायची. आमच्या एका बाजूला ग्रेट डेनवाले डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पामेरियन घेऊन आलेल्या आजी. आमच्या भाकरी तिकडं जायच्या, त्यांचा ढोकळा इकडं यायचा. शाळकरी पोरं टिंबाभोवती गोळा होऊन ठिपके मोजायची आणि पन्नाशीच्या आसपास भांडण लागायचं. टिंबाला रिंगणात जागा नव्हती, त्यामुळं आंघोळ, पावडर, नखं कापणं ही कटकट त्याला नव्हती. दिवसभर तो लोकांचे लाड करून घेत पडायचा. त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव अम्माचा. हात न लावता एखाद्यावर किती जीव लावता येतो, ते मी तिथं पाहिलं.

हंगाम नसेल तेव्हा रविवारी हरिपूर. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणेचा संगम आहे, तिथलं संगमेश्वराचं देऊळ सगळ्यांना ठाऊक असतं. हरिपूरची दुसरी ओळख म्हणजे हळदीची पेवं, जमिनीच्या पोटात हळद साठवायची खोल कोठारं. २००५च्या महापुरात त्यांची फार हानी झाली. नदीकाठच्या मळईत आम्ही दोघांना मोकळं सोडायचो. वाटेत लोक थांबवायचे. एक म्हातारबाबा बराच वेळ न्याहाळून म्हणाले, “रंग दिलाय, का असंच हाय?” असंच आहे म्हटल्यावर त्यांनी ओल्या बोटानं एक ठिपका पुसून पाहिला. एकदा बाजूच्या रस्त्यानं घोडागाडी चालली होती. नुक्ता पळत गेली आणि मागच्या चाकाशेजारी, जणू जन्मभर तेच केलं असावं अशी, लयीत धावायला लागली. गाडीवान घाबरून शिव्या देत होता. अम्मा मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. मग तिचे डोळे भरून आले. वडिलांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

दुसऱ्या हंगामात नुक्ता भरली, चालीत आली. मुलगी तिला घेऊन रिंगणात उतरायची आणि दोघी एकाच दोरीनं बांधल्यासारख्या पळायच्या. जातीतली सर्वोत्तम म्हणून निवड झाली, प्रमाणपत्रं मिळू लागली. चॅम्पियन हा शब्द घरात जपून, हळू आवाजात बोलला जायला लागला.

जानेवारी २०१५मधल्या एका रविवारी हरिपूरलाच नुक्ता बगळ्यामागं लागून लांब गेली. मुलीनं हाक मारली. नुक्ता थांबली, म्हणजे हाक पोचली होती. तिनं मान वर केली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि आमच्याकडं यायचं सोडून नेमकी उलट्या दिशेनं, रस्त्याकडं सुटली. उसाचा हंगाम. दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून येत होता. आम्ही सगळे ओरडत होतो आणि जितकं ओरडू तितकी ती गोंधळून भलतीकडंच पळत होती. टिंब बाणासारखा गेला आणि आडवा झाला. त्याला बघून ती थांबली. ट्रॅक्टरवाल्यानं कचकन ब्रेक मारला. पुढं तो जे बोलला ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही, पण त्याचं काही चुकलं नव्हतं.

त्या रात्रीपासून मी तिच्यावर पाळत ठेवली. डाव्या कुशीवर झोपली असली की अंगणात पान पडलं तरी कान हलायचा. उजव्या कुशीवर, उजवा कान खाली करून झोपली की डोक्याशी ताट आपटलं तरी ढिम्म. डावा कान ऐकत नव्हता. आणि रिंगणात कुत्रं नेहमी चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला असतं, म्हणजे त्याचा उजवा कान आपल्याकडं. दीड वर्ष आम्हाला कळलं नव्हतं ते यामुळं.

आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. खात्रीनं सांगायला तान्ह्या बाळांची करतात ती बेरा चाचणी करावी लागेल, पण लक्षणं स्पष्ट आहेत. या जातीत हे पुष्कळ आढळतं. अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक जॉर्ज स्ट्रेन यांनी हजारो डाल्मेशियन तपासले, त्यांत शंभरातले साधारण ८ दोन्ही कानांनी बहिरे निघाले आणि साधारण २२ एका कानानं. अंगाला रंग देणाऱ्या पेशी कानाच्या आतही लागतात. त्या नसल्या की जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच आतली यंत्रणा मरून जाते. पांढरेपणाची ही किंमत. मग डॉक्टर टिंबाकडं बघून म्हणाले, “पॅच असलेल्यांत बहिरेपणा कमी सापडतो. रंग भरपूर आहे ना! आणि पॅचवाल्यांनाच आपण बाद करतो, त्यांची वीण वाढू देत नाही.”

घरी येऊन मी अम्माला सांगितलं. ती म्हणाली, गुहेतल्या त्या पोरांचेही कान अल्लाहनं बंद केले होते, म्हणून तर त्यांना झोप लागली.

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. हे कळल्यावर मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. फेब्रुवारीत बेळगावच्या शोसाठी पैसे भरले होते. बहिरं कुत्रं बाद, असं नियमात आहे. एका कानाचं काय, ते मी वाचलं नाही, कारण मला वाचायचं नव्हतं. नुक्ता त्या दिवशी अशी पळाली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. जज म्हणाले, “ब्यूटिफुल मार्किंग.” प्रमाणपत्र मिळालं, फोटो काढले. परत येताना मुलगी मागच्या सीटवर नुक्ताचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. निपाणी गेल्यावर तिनं विचारलं, “अब्बा, जजना सांगितलं असतं तर त्यांनी दिलं असतं का?” मी म्हटलं, झोप आता. कागलपर्यंत कुणी बोललं नाही.

आणि मामला नुसत्या कागदाचा नव्हता. मित्रानं नुक्तासाठी बंगळुरूचा एक नर बघून ठेवला होता. पिल्लांना गिऱ्हाइकंही ठरली होती. एका कानाच्या आईला पिल्लं होऊ दिली तर बहिरी पिल्लं निघायची शक्यता वाढते. दोन्ही कानांनी बहिरं पिल्लू कुणी विकत घेत नाही, आणि मग त्याचं काय होतं ते सांगायला नको. मी मित्राला दोन महिने काही बोललो नाही. आज सांगतो, उद्या सांगतो. शेवटी एप्रिलमध्ये मुलीनं माझ्या फोनवरून त्याला फोन लावला आणि सांगून टाकलं. मी शेजारच्या खोलीत उभा राहून ऐकत होतो. चौदा वर्षांची पोर, तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

मित्र नाराज झाला. त्याचा राग बहिरेपणापेक्षा माझ्या गप्प बसण्यावर होता, आणि ते बरोबरच होतं. वर्षभर आमच्यात दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा तेवढा ये-जा करत होता, आम्ही नाही. पुढं त्यानं नुक्ताच्या आईचीही वीण थांबवली. त्यानं मला ते सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. नुक्ताची शस्त्रक्रिया झाली. बेळगावचं प्रमाणपत्र मी परत पाठवलं नाही. ते भिंतीवरही लावलं नाही. पुस्तकांच्या कपाटात कुठंतरी आहे.

शो संपले तरी रविवार राहिले. खरं तर वाढले. टिंब हा नुक्ताचा दुसरा कान झाला होता. आम्ही टिंबाला हाक मारायची, तो यायचा, त्याच्या मागं ती यायची. आम्ही हाताच्या खुणा बसवल्या. हात वर म्हणजे ये, तळवा खाली म्हणजे बस. मुलगा लांबून पांढरा टॉवेल हलवायचा. क्रिकेटच्या अंपायरसारखा दिसतो म्हणून त्याची चेष्टा व्हायची.

२०१८ साली टिंबाची लघवी अडली. खडे. हाही या जातीच्या रक्तातला दोष. डाल्मेशियनच्या लघवीतून युरिक ॲसिड इतर कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त जातं, आणि नराला त्याचा जास्त त्रास. अमेरिकेत डॉ. रॉबर्ट शायबल यांनी १९७३ साली एका डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर करून निरोगी वाण तयार केलं. पुढं पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी डाल्मेशियनशीच वीण ठेवली. तरी तिथल्या नोंदवहीत त्या कुत्र्यांना पक्की जागा मिळायला २०११ साल उजाडलं. रक्त शुद्ध नाही म्हणून! असो. टिंबाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कलेजी, गुर्दा, मेंदू कायमचं बंद केलं. बकरी ईदच्या घरात हे पाळणं काय असतं ते मुसलमानालाच विचारावं. चार दिवस टिंब उंबऱ्याला नाक लावून स्वयंपाकघराकडं बघत बसायचा. अम्मा त्याला भात, अंडं आणि दुधी द्यायची. पाणी भरपूर प्यायला हवं म्हणून दर तासाला उठून भांडं भरायची, आणि त्याच्याकडं पाठ करून कलेजी खायची.

अम्मा २०२० साली गेली. टिंब २०२२मध्ये, नऊ वर्षांचा होऊन. त्यानंतर बरेच दिवस नुक्ता हाकेला यायचीच नाही. टॉवेल हलवला की तेवढ्यापुरतं बघायची. मुलगी आता पुण्यात नोकरी करते, महिन्यातून एकदा येते. त्या रविवारी आम्ही हरिपूरला जातोच.

नुक्ता बारा वर्षांची झाली. आता धावत नाही. संगमापर्यंत चालत जाते, पाण्याकडं बघते आणि सतरंजीवर आडवी होते. उन्हं कलली की डबे भरायचे, चटण्यांच्या बरण्या बांधायच्या, चपला गोळा करायच्या. सगळं आवरून होतं, सतरंजी तेवढी राहते. नुक्ता चांगला कान खाली करून झोपलेली असते. मुलगा गाडीची किल्ली हातात घेऊन उभा असतो, बायको म्हणते अंधार होईल. मुलगी म्हणते, थांबा अजून पाच मिनिटं. मग आम्ही पुन्हा बसतो.